वन ऑफ द बेस्ट सर

पाचोऱ्यातले ग्रामर सर वर्षभरात इंग्रजीत एक वाक्य बोलत नाहीत. पण दुसऱ्याने बोललं रे बोललं, की कर्ता कुठला, क्रियापद कुठलं, याचा जागेवर पंचनामा. असा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी असतोच. खिशाला लाल पेन, बोटांना खडू, आणि पहिल्याच तासाला ठरलेली घोषणा: ‘‘ईच, एव्हरी, आयदर, नीदर. चौघंही प्रभू रामचंद्रासारखे एकवचनी!’’

समोर बसलेली पोरं भरतीची. 2023च्या तलाठी परीक्षेत 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे होते. सरांचा संसार त्या पंचवीसांवर चालतो. टेबलावर कायम रेन अँड मार्टिनचं ग्रामरचं पुस्तक. पोरं ‘व्रेन’ म्हणतात आणि सर दरवेळी डब्ल्यू गिळायला लावतात. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेल्या या रेनने फ्रेंच परदेशी पलटणीच्या साहसकादंबऱ्याही लिहिल्या. सरांना ते पटत नाही. ग्रामर लिहिणाऱ्याला कादंबरीला वेळ मिळतोच कसा?

उदाहरणं मात्र अस्सल गावची. कापूस ‘मच’, केळी ‘मेनी’. उन्हाळ्यात हिवरा नदीत ‘लिटल वॉटर’, म्हणजे नाहीच म्हणा. एक सर पडली की ‘अ लिटल’. तेवढंही गुरांनी पिऊन टाकलं, तर ते ‘द लिटल’. नुसत्या एका ‘अ’ने नदीला पाणी आणायची ही युक्ती सरकारी खात्याला अजून सुचलेली नाही. पाचोरा-जामनेर 56 किलोमीटर ‘इज’, ‘आर’ नव्हे. अंतर सबंध एक धरायचं. ज्याने ते नॅरो गेजच्या गाडीतून कापलंय तो हटून ‘आर’च म्हणतो. त्याला एकेक किलोमीटर वेगळा आठवतो.

‘माझे वडील शेतकरी आहेत’ याचं पोरं ‘माय फादर आर फार्मर’ करतात. इथे मात्र सर चिडत नाहीत. जन्मभर ज्यांना ‘आले’, ‘बसले’, ‘रागावले’ म्हटलं, त्यांना एकदम ‘इज’वर आणायचं म्हणजे बापाला अरेतुरे केल्यासारखं वाटणारच. ‘‘अरे, इंग्लंडच्या राजालासुद्धा ‘इज’च लागतं,’’ सर समजूत घालतात. (‘फार्मर’च्या आधीचा ‘अ’ राहिला, पण आर्टिकलचा तास वेगळा आणि फीही वेगळी.)

सरांचं खरं दुखणं भडगाव रोडवर आहे. समोरच्या क्लासवाल्याने भलामोठा फ्लेक्स लावलाय: ‘वन ऑफ द बेस्ट क्लास इन पाचोरा’. सर रोज स्कूटर थांबवून तो वाचतात आणि टपरीवाल्याला ऐकवतात, ‘‘वन ऑफ द म्हटलं की पुढे अनेकवचन. क्लासेस पाहिजे, क्लासेस!’’

‘‘पण सर,’’ टपरीवाला चुना मळता मळता म्हणतो, ‘‘त्यांचा एकच तर गाळा आहे.’’

यावर रेन अँड मार्टिनमध्ये उत्तर नाही.

फी मागताना सर जरा अवघडतात. कापूस विकला गेला नाही, भाव पडलाय, हे त्यांनाही दिसत असतं. दिवाळीनंतर एकदा त्यांनी मागच्या बाकावरच्या पोराला हळूच विचारलंच.

‘‘सर, तुम्हीच शिकवलंत ना,’’ पोरगं म्हणालं, ‘‘मनी अनकाउंटेबल आहे. मोजणार कसे?’’

सगळा वर्ग हसला. सरही हसले. मग त्यांनी हात पुढे केला.

‘‘मनी अनकाउंटेबल. रुपये काउंटेबल. मोज.’’