ग्रुपवर टाकलं आहे

स्लॅक हे ऑफिसातल्या निरोपांचं सॉफ्टवेअर एका बुडालेल्या खेळातून आलं. 'ग्लिच' नावाचा ऑनलाइन खेळ चालेना, २०१२ मध्ये तो बंद पडला, आणि तो बनवणाऱ्यांनी आपसात बोलायला केलेलं साधनच पुढच्या वर्षी बाजारात आणलं. काम बसलं, गप्पा तरल्या. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला यात नवल ते काय?

आमच्या वाशिम जिल्ह्यात हे खातं व्हॉट्सअॅप सांभाळतं. जिल्ह्याच्या ग्रुपवर पडलेलं पत्र तालुक्याच्या ग्रुपवर उतरतं, तिथून केंद्राच्या, तिथून शाळेच्या. आमची शाळा दोनशिक्षकी. तरी शाळेचा ग्रुप आहे आणि त्यात आम्ही दोघंच आहोत. मुख्याध्यापक शेजारच्या वर्गातून येतात, दारात उभे राहतात आणि विचारतात, "ग्रुपवर टाकलं ना बाप्पा, पाह्यलं नाही काय?"

प्रत्येक पत्र अतितात्काळ असतं. साधं तात्काळ असलेलं पत्र मी नोकरीत पाहिलेलं नाही. २०१८ साली आमचा जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला, तेव्हापासून तर आमचे आकडे दिल्लीलाही लागतात. पत्र पडलं की त्याखाली 'ओके सर'ची रांग लागते. त्यातच एखाद्या साहेबांचा वाढदिवस निघतो, केकवर केक येतात, आणि संध्याकाळी कुणीतरी विचारतं, "कोणतं पत्र?" उत्तर येतं, "वर पाहा." वर म्हणजे केकच्या वर.

पुण्यात आयटीत असलेला माझा भाचा हे पाहून हळहळला. "मामा, स्लॅकवर प्रत्येक कामाचं चॅनेल वेगळं. पत्र एकीकडे, केक दुसरीकडे."

"लेका, केक दुसरीकडे ठेवला तर साहेबांना दिसन कसा?"

तो गप्प बसला. हुशार पोरगा आहे.

पण खरी गंमत निरंकाची. 'शाळेत गळकी वर्गखोली असल्यास माहिती द्यावी, नसल्यास निरंक कळवावे.' म्हणजे ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, त्यानंही तसं सांगायचं. मग ज्यांनी काही नाही हेसुद्धा सांगितलेलं नाही, त्यांची नावं लाल अक्षरांत ग्रुपवर येतात. असा शोध स्लॅकवाल्यांना अजून लागलेला नाही.

मधे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं 'संदेस' हे देशी अॅप आलं. ते घेतल्याचा स्क्रीनशॉट आम्ही व्हॉट्सअॅपवरच पाठवला.

आणि एवढं सगळं होऊनही मोबाईलवरचं पत्र हे पत्र नसतंच. त्याची प्रिंट निघते, आवक नोंदवहीत क्रमांक पडतो, तेव्हा कुठे ते जन्माला येतं. उत्तर कागदावर लिहायचं, सही-शिक्का मारायचा, जावक क्रमांक टाकायचा, मग त्याचा फोटो काढून ग्रुपवर. तालुक्याला त्या फोटोची पुन्हा प्रिंट. जगातलं कोणतंही सॉफ्टवेअर आणा, आमच्याकडे ते अखेर प्रिंटरचंच गिऱ्हाईक होणार.

तरी हा लेख वाचणाऱ्यांनी खाली 'ओके सर' लिहू नये. ज्यांनी वाचलेला नाही, त्यांनी मात्र आजच सायंकाळी ५ वाजेपर्यंत निरंक कळवावे.