सरांच्या उपमा

तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर उभं राहून मान वर केली की एक तरी बोर्ड असा दिसतोच: ‘एमएस-सीआयटी, टॅली, डीटीपी, मराठी-इंग्रजी टायपिंग’. खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी रसवंती, दोन्हींच्या मधून वर जाणारा अंधारा जिना. शेवटच्या पायरीवर चपलांचा ढीग दिसला की समजावं, क्लास आला.

चपला बाहेर काढायच्या त्या धुळीमुळे. पण नव्या बॅचमध्ये एकाची तरी खात्री असते की व्हायरस चपलेवाटे येतो. सरांनी हा गैरसमज दूर करायची घाई कधी केलेली नाही. फरशी स्वच्छ राहते.

हे सर म्हणजे ‘क्लासचे सर’. ते शाळेचे सर नव्हेत आणि कॉलेजचे तर नव्हेतच. खिशात दोन पेनं आणि एक पेनड्राइव्ह, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. क्लासमध्ये ते खुर्चीवर बसलेले दिसत नाहीत. विद्यार्थ्याच्या मागे हात बांधून उभे राहतात, मग एक बोट त्याच्या खांद्यावरून पुढे येतं आणि पडद्यापासून वीतभर अंतरावर हवेत थांबतं. “तिथे नाही. तिथे. त्याच्या खाली. खाली म्हणजे वर.”

२००१ साली एमएस-सीआयटी हा कोर्स निघाला आणि महाराष्ट्रभर असे सर उगवले. पुढे सरकारी नोकरांना तो सक्तीचा झाला, पास न झाल्यास वेतनवाढ अडू लागली, आणि एकाच बाकावर दहावीची सुट्टी लागलेला पोरगा, तलाठी, ग्रामसेवक आणि निवृत्तीला चार वर्षं उरलेले प्राथमिक शिक्षक येऊन बसले. इतक्या निरनिराळ्या माणसांना एकाच तासात मेमरी समजावून सांगायची तर पुस्तक पुरत नाही, उपमा लागते. सरांकडे ती नाश्त्यापासून झोपेपर्यंत तयार असते.

त्यांची सगळ्यात गाजलेली उपमा स्वयंपाकघराची. हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली. डाळ, तांदूळ, गूळ, सगळं तिथे वर्षभर राहतं. रॅम म्हणजे ओटा. स्वयंपाक करायचा तर कोठीतलं सामान ओट्यावर आणावं लागतं, आणि ओटा जितका मोठा तितक्या भाज्या एका वेळी चिरता येतात. क्लासच्या सुरुवातीच्या मशीनला २५६ एमबीचा ओटा आणि ४० जीबीची कोठी होती, म्हणजे कोठी ओट्याच्या १६० पट. पाच खिडक्या एकदम उघडल्या की मशीन का रडतं, हे त्या एका आकड्यात आलं. आता गोम अशी की हा ओटा विजेवर चालतो. लाइट गेली की ओटा लख्ख, चिरलेली भाजीसुद्धा गायब. म्हणून दर दहा मिनिटांनी पदार्थ झाकून कोठीत ठेवायचा. त्याला म्हणतात सेव्ह.

ते भारनियमनाचे दिवस होते. भर दुपारी यूपीएस ‘टीं टीं’ ओरडायला लागलं की सर वर्गभर धावत ओरडायचे, “झाका, झाका!” आणि वीस जण एकदम कंट्रोल एस दाबायचे. खालच्या रसवंतीवाल्याला बरीच वर्षं वाटायचं की वर पाककलेचा क्लास आहे.

उपमेचा तोटा परीक्षेत कळला. प्रश्न आला: खालीलपैकी तात्पुरती मेमरी कोणती? पुढे चार पर्याय. अंगणवाडीच्या एका ताईंनी ते दोनदा वाचले आणि हात वर केला. “सर, ह्यात ओटा नाहीये.”

सीपीयूच्या बाबतीत मात्र सरांनी हार पत्करली आहे. पहिल्या दिवशी ते नेमाने सांगतात की टेबलाखालच्या त्या डब्याला कॅबिनेट म्हणतात. सीपीयू म्हणजे त्याच्या पोटातली बिस्किटाएवढी चकती, जी सगळे हिशोब करते. डब्याला सीपीयू म्हणणं म्हणजे अख्ख्या एसटीला ड्रायव्हर म्हणणं. वर्ग हसतो, वहीत लिहून घेतो. दुसऱ्या दिवशी मशीन बिघडतं आणि सर स्वतःच दुरुस्तीवाल्याला फोन करतात, “अरे, सीपीयू पाठवून देतोय, बघ जरा.” दुरुस्तीवाल्याला कॅबिनेट म्हटलं तर तो मंत्रिमंडळाबद्दल बोलायला लागतो.

माऊसचा सराव सर पत्त्यांवर घेतात. विंडोजमध्ये १९९० पासून सॉलिटेअरचा खेळ होता, आणि पत्ता उचलून दुसऱ्या रांगेत नेऊन ठेवता ठेवता ड्रॅग करणं हाताला आपोआप बसतं. मात्र एकदा एका विद्यार्थ्याचे वडील फीचा दुसरा हप्ता घेऊन आले आणि काचेतून त्यांनी पाहिलं, तर सगळी बॅच पत्ते कुटत होती. तो हप्ता मिळवायला सरांना उपमा नव्हे, शपथ घ्यावी लागली.

ह्याच बॅचमध्ये गुरुजी होते. गुरुजींनी सरांना चौथीत शिकवलेलं, एकोणतीसच्या पाढ्याला छडीही मारलेली. वर्गात गुरुजी त्यांना कटाक्षाने ‘सर’ म्हणत आणि जिना उतरला की ‘अरे’ म्हणत. गुरुजींचा हात शांत, मोत्यासारखं अक्षर काढणारा. डबल क्लिकला नेमका तोच नडला. विंडोज दोन क्लिकमध्ये अर्धा सेकंद थांबते, त्याहून उशीर झाला तर ते दोन वेगळे क्लिक धरते. गुरुजी एकदा दाबत, चष्मा सावरत, बरोबर जागेवर आहोत ना ते बघत आणि दुसऱ्यांदा दाबत. आधीच निवडलेल्या फाइलच्या नावावर असा सावकाश दुसरा क्लिक पडला की ती फाइल उघडत नाही. नाव निळं होतं आणि विचारतं, काय नाव ठेवू? गुरुजी दचकून कुठलंतरी बटण दाबत आणि एंटर मारत. आठवडाभरात त्यांच्या फोल्डरमधला हजेरीपट ‘जजजज’ झाला होता, रजेचा अर्ज ‘७’ आणि पोषण आहाराचा तक्ता नुसता स्वल्पविराम होऊन राहिला होता. “दार वाजवतो ना आपण, गुरुजी, ठकठक,” सर म्हणाले. “तुम्ही एकदा ठक करता आणि घरी जाऊन येता.” गुरुजींना ते पटलं. पुढचे दोन दिवस माऊस हातात घेण्याआधी ते बाकावर बोटाने ठकठक करून बघत.

मापाचा विषय निघाला की तलाठी जागे होत. त्यांनी १६ जीबीचा पेनड्राइव्ह आणला, मशीनला लावला तर १४.९ दाखवतोय. मापात पाप! ते दुकानदाराशी भांडायलाच निघाले होते. सरांनी त्यांना जिन्यात गाठून सोन्याचा हिशोब सांगितला. आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतो. सोनं तेवढंच, तोळ्यांची संख्या वेगळी. तसाच पेनड्राइव्ह बनवणारा हजार-हजारने मोजतो आणि विंडोज १०२४ ने, कारण यंत्राला फक्त शून्य आणि एक कळतं, आणि दोनाची दुप्पट करत दहाव्या पायरीला १०२४ येतात. तलाठ्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग सातबाऱ्याला कोणतं धरायचं?”

कट आणि पेस्टसाठी सर पूर्वी लग्नाची उपमा देत. फाइल कट केली तरी ती पेस्ट होईपर्यंत जुन्या जागीच असते, फक्त फिकी दिसते. सर म्हणत, लग्न ठरलेली मुलगी, अजून माप ओलांडलेलं नाही. वर्गाला हे फार आवडे. मग एका बॅचला पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “सर, मग कॉपी म्हणजे?” सर थांबले. “आणि अन्डू?” सरांनी त्या दिवशी तास लवकर सोडला. आता ते गोदरेजचं कपाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेतात.

संध्याकाळी क्लास सुटला की त्याच मशीनवर डीटीपी चालतं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजली. इथे सर उपमा विसरून कारागीर होतात. जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली पत्रिका दुसऱ्या प्रेसमध्ये उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि डॉलरच्या चिन्हांचा पाऊस पडे, कारण ते फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांना मराठी कपडे घालत. कपडे राहिले घरी की आतला साहेब उघडा. युनिकोडने क ला स्वतःचा क्रमांक दिला, २३२५, आणि तो जगात कुठेही कच राहतो. क्ष मात्र एक नाही, तीन आहेत: क, मग पाय मोडणारं हलन्त चिन्ह, मग ष. ‘क्षीरसागर’ लिहिताना क्ष पर्यंत आलात आणि एकदाच बॅकस्पेस दाबलंत, की ष जातो आणि लंगडा क् मागे उरतो. नव्या मुलाला हे दाखवताना सर तीनदा लिहितात, तीनदा खोडतात. गुरुजींनी हे पाहिलं त्या दिवशी ते सगळ्यांदेखत ‘अरे’ म्हणाले. “अरे, हे तर मी तुला चौथीत शिकवलं होतं.”

इतकं सगळं कळणाऱ्या सरांची एक सवय मात्र सुटत नाही. काहीही सुरू करण्याआधी ते डेस्कटॉपवर राइट क्लिक करतात आणि रिफ्रेश. तीनदा, कधी पाचदा. त्याने मशीनचा वेग वाढत नाही, चिन्हं फक्त पुन्हा काढली जातात, हे तेच वर्गाला सांगतात. पण देवळावरून जाताना हात कपाळाशी जातो, तसा त्यांचा हात तिथे जातो, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या प्रत्येकाचाही.

गुरुजी पास झाले, वेतनवाढ घेऊन निवृत्तही झाले. परवा ते जिना चढून आले, हातात मुलाने दिलेला मोबाइल. सुप्रभाताच्या गुलाबांनी आणि गणपतींनी तो गच्च भरला होता.

“अरे, कोठी भरली म्हणतोय.”

सर म्हणाले, काढून टाकायचं नसेल तर क्लाउडवर टाकू. पंधरा जीबी फुकट मिळतात. क्लाउड म्हणजे गुरुजी, बँकेतलं लॉकर समजा.

“किल्ली?”

“पासवर्ड. तो तुमच्याकडेच.”

“आणि बँक कुठेशी आहे?”

“ती… आहे. बरीच लांब. एकाच ठिकाणी नाही.”

“म्हणजे आपलं सामान कुणाच्या घरात असतं?”

सरांनी तोंड उघडलं, मिटलं. मग समोरच्या मशीनकडे वळून राइट क्लिक केलं आणि रिफ्रेश दाबलं. तीनदा. गुरुजी चष्मा सावरून उत्तराची वाट बघत उभे होते.