स्पीकर बसला, शेजारी उठले नाहीत

श्टुटगार्ट,
रविवार (म्हणून आवाज न करता लिहिते आहे)

ती. आई-बाबांस,


पार्सल मिळालं. मेतकूट, साबुदाण्याच्या पापड्या, पेन ड्राइव्ह, ओवीचं झबलं, सगळं सुखरूप. आई, ओवी आता शाळेत जाते. झबलं बाहुलीला घातलंय, बसलं बरोब्बर. आणि बाबा, तुमचे ते लोखंडी ब्रॅकेटही पोचले. पोस्टमनने खोका दोन्ही हातांनी खाली ठेवला आणि माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. गन कॅरेज फॅक्टरीत तुम्ही जन्मभर तोफांचे गाडे केलेत, कबूल. पण हा स्वयंपाकघरातला स्पीकर आहे, दोन किलोंच्या आतला, आणि तो कुणावर डागायचा नाहीये. तुमच्या एकेका ब्रॅकेटवर समीर स्वतः बसू शकेल. रंग मात्र झकास दिलाय.

परवा फोनवर तुम्ही ‘भिंतीत करंट असेल’ आणि आई ‘मालक घराबाहेर काढेल’ असं एकाच वेळी बोलत होतात, त्यामुळे कुणालाच धड उत्तर देता आलं नाही. म्हणून कागद घेतला. आधी करंट. इथे भिंतीतल्या वायरी तिरप्या नेत नाहीत. बटण किंवा सॉकेटच्या सरळ वर-खाली, नाहीतर छताच्या नि जमिनीच्या कडेने आडव्या, स्वयंपाकघरात ओट्याच्या जरा वरूनही. त्या पट्ट्यात ड्रिल लावायचंच नाही. शिवाय वायर हुडकणारं एक यंत्र मिळतं, ते भिंतीवरून फिरवलं की चूं करतं. आमचं घर जुनं, म्हणून समीरने ते यंत्र इतक्यांदा फिरवलं की ओवी म्हणाली, बाबा भिंतीला इस्त्री करतोय.

आता मालक. दोन-चार भोकांवरून इथे कुणी घराबाहेर काढत नाही. टाइल्सना मात्र जपायचं, अगदीच वेळ आली तर दोन टाइल्समधल्या सांध्यात भोक पाडायचं. आणि आई, स्वयंपाकघर मुळात मालकाचं नाहीच! इथे घर भाड्याने घेतलं की बऱ्याचदा स्वयंपाकघराच्या नावाखाली चार भिंती आणि पाण्याचा पाइप हाती देतात. ओटा, कपाटं, सिंक आपलं आपण आणायचं आणि जाताना उचलून न्यायचं. आमचं आधीच्या भाडेकरूकडून विकत घेतलंय. बेबीआत्याने सून वेगळी निघाली तेव्हा ‘ओटाही घेऊन जा’ म्हटलं होतं ना, तो टोमणा इथे रीतसर करार आहे.

थांबा, भात लागतोय.

हं. तर खरी अडचण करंटची नाही, मालकाची नाही, आहे ती शांततेची. जिन्यात एक छापील नियमावली लावली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज बंद. दुपारी एक ते तीन पुन्हा बंद, कारण खालच्या मजल्यावरच्या आजी आडव्या होतात. रविवारी दिवसभर बंद. ड्रिल नाही, हातोडी नाही, काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या पिंपात टाकणंही नाही, खळ्ळ वाजतं म्हणून. आणि परवानगीच्या वेळातही गाणं आपल्या खोलीपुरतंच ऐकू यावं, शेजाऱ्याच्या खोलीत जाऊ नये.

आता हिशोब करा. सोमवार ते शुक्रवार आम्ही दोघं कामावर. संध्याकाळी आलो की ओवीचं जेवण नि झोप. राहिला शनिवार. त्यातले दुपारचे दोन तास आजींचे. आणि ज्या शनिवारी सगळं जुळलं, त्याच शनिवारी आमच्या दारावर पाटी लटकलेली. ही इकडची खास श्वाबियन प्रथा, जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने एकेका घरावर येते आणि ती पाटी दारोदार फिरते. आधी जिना झाडा, पुसा, मग काय ती भोकं पाडा. बाबा, ताईच्या लग्नाचा मुहूर्त काढायला जोशीबुवांना इतकं पंचांग चाळावं लागलं नव्हतं.

रात्री दहा ते सकाळी सहा हा भोंग्यांचा नियम आपल्याकडेही 2000 सालापासून आहे म्हणा. पण नानाकाकाला विचारून बघा. तो म्हणेल, आहे ना, म्हणून तर आम्ही पावणेदहाला जोर लावतो.

शेवटी शनिवारी साडेतीनला समीर खाली जाऊन आजींना सांगून आला, ‘दोन भोकं आहेत.’ आजींनी घड्याळ पाहिलं. पहिलं भोक झालं, त्यातून विटेचा लाल भुगा सरसर खाली आला, तो मी जुन्या पाकिटात धरला. दुसरं झालं. मग त्यात ती राखाडी प्लास्टिकची गिट्टी, जी आपल्याकडचा सुतार दातात धरून शिडीवर चढतो. बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते, ती नायलॉनची गिट्टी 1958 साली आर्टुर फिशर नावाच्या माणसाने काढली आणि त्याचं गाव इथून फार लांब नाही, ब्लॅक फॉरेस्टमध्ये. त्याच्या नावावर अकराशेच्या वर पेटंट होती, 2016 साली गेला. तुम्ही अजून लाकडी गुटकाच ठोकता, माहीत आहे. काही बोलत नाही.

आता स्पीकर कुठला, यावर तुम्ही फोनवर अर्धा तास घेतलात की ‘जोडी असावी, एकटा स्पीकर बरा नव्हे’. बाबा, जोडीचा आवाज घ्यायला दोहोंच्या मधोमध बसून राहावं लागतं. स्वयंपाकघरात मधोमध बसून राहिलेला माणूस आपल्या घरात तुमच्याशिवाय कुणी पाहिलाय का? मी शेगडीकडून सिंककडे, सिंककडून फ्रिजकडे. मला एकच बरा. कोपऱ्यातही लावला नाही. दोन भिंतींच्या बेचक्यात खर्जाचा आवाज फुगतो, तबल्याचा डग्गा थेट आजींच्या उशाशी गेला असता. शेजाऱ्यांची भिंत सोडून बाहेरच्या भिंतीवर, कानाच्या उंचीला आणि शेगडीपासून लांब. ते लांब का, तर आपला मर्फी रेडिओ आठवा. फोडणीच्या वाफेने त्याच्या जाळीचं कापड आधी पिवळं, मग तपकिरी, मग काय रंग होता ते तुम्हालाही आठवेना. कागदी कोन तेल पितो आणि दमतो.

आयकियाने 2019 साली एक स्पीकर काढला होता, तो भिंतीवर लावला की फळीचंही काम करतो. आईला हाच पसंत पडला असता, वर दोन डबे मावले असते. मला नको वाटला. आपल्या घरात एकदा फळी म्हणून ओळख झाली की त्या वस्तूचं दुसरं काही उरत नाही.

मग ब्लूटूथ की वाय-फाय? समीरच्या जुन्या ब्लूटूथ डब्याने हा वाद मिटवला. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथ दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणून मी दूध गरम करायला लावलं की भीमसेनजी तानेच्या मधेच अडखळायचे. पंडितजींना अडखळताना ऐकण्यापेक्षा गार दूध प्यावं. नवा स्पीकर वाय-फायवर आहे, पण त्याला नेटची तारच जोडून दिली. आता सुरळीत.

आता किंमत ऐकायला बसा. स्पीकरची नाही, ती तुम्हाला सांगणारच नाही. इथे रेडिओ-टीव्हीची वर्गणी असते, दर घरामागे महिन्याला 18.36 युरो. वर्षाचे 220 युरो, म्हणजे वीस हजार रुपयांच्या वरच. घरात रेडिओ असो-नसो! 2013 पासून यंत्रं मोजणं बंद केलं आणि घरं मोजायला लागले. आम्ही इथे आल्यावर नाव नोंदवलं, खुर्च्या आल्या नव्हत्या तेव्हाच या वर्गणीचं पत्र आलं. आजोबांचं ते रेडिओ-लायसन्सचं पुस्तक आठवलं, पोस्टाचे शिक्के मारलेलं. ते आपल्याकडे ऐंशीच्या दशकात बंद झालं तेव्हा आजोबा म्हणाले होते म्हणे, ‘फुकट झालं, आता रेडिओ बिघडणार.’ इथे ते हवे होते. मी मात्र हट्टाने रोज सकाळी जर्मन बातम्या लावते. पैसे भरलेत तर ऐकणार. निम्मं समजतं, तेव्हा नऊ युरो अठरा वसूल.

बाकी तुमच्या बातम्या. मिश्राइन भाभींच्या पप्पूचं जमलं, फार छान. मुलगी मंडल्याची म्हणजे नर्मदेकाठचीच झाली, आई, आता तरी ‘नदी ओलांडून आणली’ म्हणू नकोस. परिक्रमावासी आजोबा चष्मा विसरून गेले, त्यांना कसं शोधणार? पुढच्या मुक्कामाला जाणाऱ्या कुणाच्यातरी हाती द्या, नर्मदामाई पोचवेल. साताऱ्याचे होते म्हणालीस, पिठलं-भाकरीवर खूश झाले असतील. नानाकाका आणि बेबीआत्याचं भांडण अजून त्याच पितळी पातेल्यावरून असेल तर मी कुणाच्याच बाजूने नाही. पातेलं माझ्याकडे आहे.

आणि पेन ड्राइव्ह. बाबा, नर्मदा जयंतीला घाटावर उभं राहून तुम्ही आरती रेकॉर्ड केलीत, त्यात आरती थोडी आणि तुम्ही फार. ‘अहो बाजूला व्हा’, ‘दोना कितने का?’, मग आईचं ‘फोन उलटा धरलाय तुम्ही’. मागे नाववाले ओरडतायत, घंटा चालू आहे, भोंगा चिरकतोय. काल संध्याकाळी पोळ्या लाटताना लावलं. समीर म्हणाला, आवाज कमी कर, खोलीपुरता. मी केला, तर घंटा तेवढ्या ऐकू येईनात. पुन्हा वाढवला. ओवी म्हणाली, आजी कुणाला रागावते आहे? आणि मला उगीचच लहानपणी रात्री लागणारं नागपूर केंद्र आठवलं. मराठी नाटक ऐकण्यासाठी तुम्ही अख्खा मर्फी उचलून दिशा बदलत बसायचात, खरखरीतून दोन वाक्यं यायची, तेवढ्यात छोट्या लाईनची गाडी शिटी मारून तिसरं खायची. ती गाडी 2015 लाच बंद झाली. आता इथे सगळं स्वच्छ ऐकू येतं आणि मला काही म्हणजे काही लाटता येईना. पोळ्या समीरने केल्या. आकार विचारू नका.

खालच्या आजी वर आल्या होत्या. मला वाटलं झालं, आता नियमावली. त्यांनी विचारलं, ही प्रार्थना आहे का? हो म्हटलं. म्हणाल्या, आठ वाजेपर्यंत माझी हरकत नाही. आई, त्यांना तुझ्या पापड्या दिल्या तळून. आता पुन्हा पाठवाव्या लागतील.

ब्रॅकेट परत पाठवत नाही, पोस्टाचा खर्च मला झेपणार नाही. त्यावर बाल्कनीत तुळशीची फळी बसवणार आहे, पुढच्या मोकळ्या शनिवारी.

आणि बाबा, फोनवर तुम्ही बोलता बोलता म्हणालात की ‘आई हल्ली घाटाच्या पायऱ्या उतरत नाही, वरूनच नमस्कार करते’, आणि मग घाईने पप्पूच्या लग्नावर गेलात. ते मी ऐकलंय. गुडघ्याचा एक्स-रे काढला का, डॉक्टर काय म्हणाले, हे पुढच्या पत्रात पहिल्या ओळीत लिहा. शेवटच्या ओळीत नको, आणि नानाकाकाच्या अक्षरात तर मुळीच नको.

तुमची,
मुक्ता