बुचाने घालवली

वाइन पिणाऱ्याने गप्प बसलं तरी चालतं, चाखणाऱ्याला मात्र बोलावं लागतं. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही, म्हणून बोर्दोत नोकरी करणाऱ्या मेहुण्याने "दाजी, वाइन चाखायला सँतेमिलियोंला जाऊ" म्हटल्यावर मी लगेच शर्टाला इस्त्री केली.

आदल्या रात्री त्याने शिकवणी घेतली. सँतेमिलियोंकडे मेर्लो द्राक्ष जास्त, म्हणून तिथली वाइन जरा मऊ. मेदोककडे काबेर्ने सोव्हिन्यों जास्त, ती करकरीत. ग्लास देठाला धरायचा, गरगर फिरवायचा, नाक आत घालायचं, घोट तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. शेवटचं कलम मला मान्य नव्हतं. पैसे मोजून आणलेलं थुंकायची पद्धत आमच्या घराण्यात फक्त तंबाखूपुरती आहे.

सँतेमिलियोंच्या पोटात चुनखडीच्या जुन्या खाणी आहेत. दगड वर गेला, त्याची घरं झाली. खालच्या पोकळीत आता पिंपं मुरतात. तिथल्या थंडाव्यात वाइन चाखवणाऱ्या बाई एकेक बाटली उघडत होत्या आणि मी इमानेइतबारे गिळत होतो, त्यामुळे भाषेला चांगलीच धार आली होती. पुढच्या बाटलीला मी डोळे मिटून जाहीर केलं, "पावसाळी जंगल. जुनं ग्रंथालय. फार खानदानी वाइन आहे!" मेहुण्याने भक्तिभावाने त्याचं फ्रेंच केलं. बाई काही बोलल्या नाहीत. बायकोने ग्लास नाकाशी नेला न नेला तोच खाली ठेवला.

"ओल्या गोणपाटाचा वास येतोय."

मी तिच्याकडे टाकलेल्या कटाक्षाबद्दल अजून बोलणी खातो आहे. मेहुण्याने गंमत म्हणून हेही बाईंना सांगितलं. त्यांनी ग्लास ओढून घेतला, हुंगला, बायकोची माफी मागितली आणि माझं जंगल ग्रंथालयासकट बादलीत ओतलं.

बूच बाधलं होतं. बुचातल्या बुरशीची क्लोरीनच्या काही संयुगांशी गाठ पडली की टीसीए नावाचं रसायन तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्यानेही वाइनमधला फळांचा वास मरतो आणि कुबटपणा उरतो. पिणाऱ्याला अपाय नाही. मत देणाऱ्याला आहे.

परतताना मेहुण्याने धीर दिला. बोर्दोच्याच संशोधकांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता : वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग घालून दिला, तर त्यांनी तिला लाल वाइनची विशेषणं लावली. मला हायसं वाटलं.

"ते निदान शिकत तरी होते," बायको म्हणाली.

रात्री जेवायला माग्रे मागवलं : बदकाच्या छातीचा तुकडा, आत गुलाबी, कडेला जाड चरबी. वेटरने चाखण्यासाठी माझ्या ग्लासात थोडी वाइन ओतली. हा घोट आवडनिवड सांगण्यासाठी नसतो, बाटली बाधलेली नाही ना हे बघण्यासाठी असतो. मेहुण्याने मुकाट्याने ग्लास बहिणीपुढे सरकवला.

नुसती प्यायली तेव्हा वाइनने जीभ टाळूला चिकटवली. त्यातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून तो कोरडेपणा. बदकाचा घास खाऊन पुन्हा घोट घेतला, तर तीच वाइन गोडीत आली. टॅनिनला धरायला आता मांस होतं आणि जिभेवर चरबीचा लेप. हे मात्र मला खरोखर कळलं, कुणी न सांगता. इथेच थांबायला हवं होतं. पण बदक जरा मिळमिळीत होतं आणि माझ्या खिशात ठेच्याची डबी होती.

टॅनिन, मद्यार्क आणि लवंगी मिरची यांचं एकमत फार लवकर होतं. कानातून वाफ निघाली. पाणी प्यायलो तर आग आणखी पसरली, कारण मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. वेटर धावत आला. वाइनमध्ये काही दोष आहे का?

मला बोलायची सोय नव्हती. "वाइन उत्तम आहे," बायकोने निकाल दिला. मग मेहुणा वेटरला फ्रेंचमध्ये बराच वेळ काहीतरी समजावत राहिला. त्यातला 'दाजी' हा एकच शब्द मला कळला.