घड्याळ काढेपर्यंत आवाज बंद

‘डार्क सिटी’ बघायला बसणाऱ्या नवख्या माणसाला जुने भक्त पहिला सल्ला देतात तो आवाज बंद ठेवण्याचा. कीफर सदरलँड खिशातलं घड्याळ बाहेर काढेपर्यंत टीव्ही मुका ठेवायचा, मग आवाज वाढवायचा. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी ‘आता डोळ्यांना पाणी लावा’ म्हणतात, तितक्या निर्विकारपणे हे सांगितलं जातं.

या विधीमागे कारण आहे. १९९८ साली चित्रपट तयार झाला, तेव्हा न्यू लाइन या निर्मिती कंपनीला धास्ती पडली, की प्रेक्षकांना ओ की ठो कळणार नाही. म्हणून अगदी सुरुवातीलाच डॉक्टर श्रेबरच्या, म्हणजे सदरलँडच्या, आवाजात निवेदन घातलं गेलं. त्यात परग्रहवासी कोण, ते शहरात काय करतात, सगळं सांगून मोकळे! रहस्यपटाच्या दारावरचा तिकीट फाडणाराच खुनी कोण ते सांगतो, तसला प्रकार. दिग्दर्शक अ‍ॅलेक्स प्रोयास यांनी २००८ साली स्वतःच्या मनासारखी आवृत्ती काढली आणि त्यात हे निवेदन उडवलं. तोवर जुन्या भक्तांच्या अंगठ्याला म्यूटचं बटण पाठ झालं होतं.

(मी पुढे बरंच काही फोडणार आहे. निर्मात्यांनीच सुरुवात केली, तर माझ्यावर एकट्यावर ठपका नको.)

हॉटेलातल्या बाथटबमध्ये एक माणूस जागा होतो. आपण कोण, त्याला ठाऊक नाही. खोलीत एका बाईचं प्रेत. घाबरून धडपडताना त्याच्या धक्क्याने माशाचं काचेचं भांडं खाली पडून फुटतं. फरशीवर सोनेरी मासा तडफडतो. हा गृहस्थ पळून जायचं सोडून तो मासा उचलतो आणि टबातल्या पाण्यात सोडतो. पुढे विल्यम हर्टचा इन्स्पेक्टर बम्स्टेड तिथे येतो, तेव्हा त्यालाही हीच गोष्ट खुपते: खून करून निघालेला माणूस माशापाशी थांबेल कशाला?

त्या शहरात रोज बारा वाजता सगळे जिथल्या तिथे झोपतात. गाड्या थांबतात, इमारती जमिनीतून उगवतात, लांब काळ्या कोटातले फिकट, टकले लोक हिंडू लागतात आणि डॉक्टर श्रेबर लोकांच्या कपाळात दुसऱ्याच कुणाच्या आठवणींची सुई टोचतो. एका गरीब नवरा-बायकोचं जेवण चाललेलं असतं. त्यांचं मोडकं टेबल बघता बघता लांबत जातं, अंगावरचे कपडे बदलतात, खोलीची हवेली होते. जाग येते ती पिढीजात श्रीमंतीच्या तोऱ्यात. हॉटेलचा मॅनेजर दुसऱ्या दिवशी पेपर विकताना दिसतो आणि आपण जन्मभर हेच करत आलो, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नसते.

हा चित्रपट आला तेव्हा लोक ‘टायटॅनिक’ बुडताना बघण्यात गुंतले होते, त्यामुळे धंदा बेताचाच झाला. रॉजर ईबर्ट या अमेरिकन समीक्षकाने मात्र चार तारे दिले, त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट ठरवला आणि डीव्हीडीसाठी स्वतःच्या आवाजात टिप्पणीही केली. मग १९९९ साली ‘मॅट्रिक्स’ आला आणि भांडणाला तोंड फुटलं. दोन्ही चित्रपट सिडनीत बनले. ‘डार्क सिटी’साठी उभारलेली गच्च्यांची काही नेपथ्यं ‘मॅट्रिक्स’वाल्यांनी वापरली. पण ज्याने आधी ‘मॅट्रिक्स’ पाहिला, त्याच्या लेखी ‘डार्क सिटी’च नक्कल. त्याच्यापुढे तारखा ठेवल्या तरी तो म्हणतो, “असेल, पण वाटत नाही.” आठवणी बाहेरून भरता येतात असं सांगणाऱ्या चित्रपटाला याहून चोख साक्षीदार कुठून मिळणार?

यासाठी परग्रहवासीही लागत नाहीत. माझे दोन मामा लहानपणी जत्रेत हरवले होते. म्हणजे दोघांपैकी एकच हरवला होता, पण तो ‘मी’ असं दोघंही सांगतात. चौकीतली गार फरशी, हवालदाराने दिलेलं बिस्कीट, त्याच्या मिशा, सगळं दोघांनाही आठवतं. आजीला विचारलं तर ती म्हणे, “हे दोघं कुठले? हरवला होता तो वाड्यातल्या भटांचा.” मामांनी हे ऐकून घेतलं आणि दिवाळीत पुन्हा आपापली मिशी सांगितली.

तक्रारी करणारे प्रेक्षकही मला आवडतात. डॉक्टर श्रेबर प्रत्येक वाक्य तीन हप्त्यांत, धाप टाकत बोलतो. काहींना तो अभिनयाचा कळस वाटतो, काहींना त्याच्या नाकाखाली वाफेचं भांडं धरावंसं वाटतं. शेवटची लढाई तर दोन माणसं कपाळाला आठ्या घालून एकमेकांकडे रोखून बघतात, एवढीच असते. आजूबाजूची घरं तेवढी हवेत उडतात. ही तक्रार मला सोळा आणे पटते. त्याहून जास्त खटकतं ते त्यानंतरचं. माणूसपण डोक्यात शोधलंत, तिथेच चुकलात, असं नायक परग्रहवासीयाला कपाळाकडे बोट दाखवून समजावतो. अहो, ते माशानेच सांगून झालं होतं! निवेदन कंपनीने घुसडलं म्हणून दोष देता येतो, इथे कुणाला द्यायचा?

शेल बीचचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. शहरातल्या प्रत्येकाला हा समुद्रकिनारा माहीत असतो, लहानपणी तिथे गेल्याचं आठवतं, रस्ता विचारला की सगळ्यांचीच गाडी अडते. तो किनारा नसतोच. नायक शेवटी स्वतःच्या शक्तीने तो तयार करतो, खोट्या आठवणीबरहुकूम. तिथे त्याला जेनिफर कॉनेली भेटते. पूर्वीची त्याची बायको एमा, आता अ‍ॅना. त्याला सगळं आठवतं, तिला काहीच नाही, आणि तो नव्याने ओळख करून घेतो. हा सुखान्त की फसवणूक, यावर प्रेक्षकांचे दोन तट आहेत. फसवणूकवाल्यांचं म्हणणं असं, की त्याला आठवणारं लग्नही सुईतूनच आलेलं. मी ही बाजू तावातावाने मांडत होतो. बायको शेंगा सोलता सोलता म्हणाली, “एकाला सगळं आठवतं आणि दुसऱ्याला काही नाही. यात सायन्स फिक्शन कुठलं? साखरपुड्याला मी कुठली साडी नेसले होते, सांगा बरं.”

मी आवाज बंद ठेवला.