नाकाने सोललेले पांढरे कांदे

आमच्या घराण्यात पैसा टिकला नाही, केस टिकले नाहीत, नाक मात्र टिकून आहे. आजोबा ओटीवर बसल्या बसल्या बंदराला कोणती मासळी लागली ते सांगत. वडील सुपारी फोडायच्या आधी हुंगून आतली कीड ओळखत. माझं म्हणाल तर, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं २०२२ साली. पण माळेतला कांदा अस्सल इथला की बाहेरून आणून इथे वेणी घातलेला, हे मी त्याच्या कितीतरी आधीपासून नुसत्या वासावर सांगत आलोय. नाकाने कांदे सोलणं हा इतरांसाठी वाक्प्रचार असेल, आमच्याकडे तो वारसा आहे. रेवदंड्याच्या बाजारात मी दिसलो की कोळणी आपणहून पापलेटाचे कल्ले उघडतात आणि "हुंगा काका, हुंगा" म्हणतात. त्या थट्टा करतात हे मला अलीकडे कळलं.

तर अशा नाकाला, कोजागिरीनंतरच्या एका दुपारी, चौलच्या आमच्या घरात, भरल्या ताटावर तो वास आला.

'तो' वास. मराठीत वासांना शब्द काय थोडे आहेत? खमंग, खरपूस, आंबूस, खवट, कुबट, ओशट. फुलाचा दरवळ, दारूचा दर्प, गटाराचा भपकारा. पण गटार स्वतःच्या घरात शिरलं की आपण मुकाट सर्वनामावर येतो. "तो वास येतोय का गं?" मी विचारलं. बायको आमटी वाढत होती. "आठ दिवस झाले," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला आलाच असेल."

हा घाव मी पोळीबरोबर गिळला आणि तपास हाती घेतला. पहिला संशय उंदरावर. माळ्यावरचं सगळं सामान खाली आणलं, उंदीर निघाला नाही, सामान मात्र अजून खालीच आहे. मग शेजारच्या वाडीत वाळत घातलेल्या बोंबलांवर. पण बोंबलाचा वास उघड, प्रामाणिक असतो, तो कधी लपूनछपून येत नाही. बायको टाकीबद्दल काहीतरी बोलली. पण टाकी हे उत्तर फारच सोपं होतं. माझ्या नाकाला शोभेल असं कारण हवं होतं आणि ते मला सापडलं. खाडी!

इथे मला थोडं लांबण लावू द्या, कारण या साऱ्या प्रकरणात अभिमानाने सांगावं असं माझ्याकडे एवढंच आहे.

ओहोटीला, म्हणजे आमच्याकडच्या सुकतीला, कुंडलिकेच्या खाडीत कांदळवनाखालचा काळा चिखल उघडा पडतो. त्यात पाय रुतला की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, चिखलात प्राणवायू पोचत नाही. तेव्हा तिथले जिवाणू त्या सल्फेटवर गुजराण करतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर सोडतात. माझ्या ताटावर आलेला वास हुबेहूब हाच होता. म्हणजे सुकतीच्या वेळा आणि वासाच्या वेळा जुळल्या की संपलं. आता सुकतीच्या वेळा हल्लीची पोरं मोबाइलवर बघतात. मी पाऊणकी पाठ असलेल्या शेवटच्या पिढीतला. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यात सहा तास मिळवा, सुकती. दर्यावर्दी लोकांनी बोटांवर बसवलेलं हे गणित वापरण्याची संधी मला आयुष्यात पहिल्यांदा, आणि तीही संडासाच्या वासापायी, मिळत होती.

मी वही केली. चार रकाने आखले: तिथी, भरती, सुकती, वास. वासाला माप लागतं, म्हणून 'चिमूट', 'ओंजळ' आणि 'पायली' असे तीन दर्जे ठरवले. कार्तिक शुद्ध अष्टमीला सुकती दुपारी बाराला, आणि वास दुपारी बाराला, ओंजळभर! मी 'सिद्ध' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. एकादशीला सुकती सव्वादोनला होती आणि वास पुन्हा बारालाच आला. तिथे 'वाऱ्यामुळे' लिहिलं. द्वादशीला 'ढगाळ'. त्रयोदशीला 'निरीक्षकास पडसे'. पुढे पाचवा रकाना आखावा लागला, 'अपवाद', आणि तो बाकीच्या चारांपेक्षा भराभर भरू लागला. पण एकदा खाली दोन रेघा ओढल्यावर माणूस सिद्धान्तासाठी काय करणार नाही?

दत्तजयंतीला चौलच्या दत्ताची जत्रा. व्याही-विहीणबाई पहिल्यांदाच मुक्कामाला आले. दुपारी पानं मांडली आणि पायलीभर वास आला. विहीणबाईंनी पदर नाकाशी नेला आणि तसाच खांद्यावरून सारखा केल्यासारखं केलं. व्याही सज्जन. ते म्हणाले, "समुद्र फारच जवळ आहे हो तुमच्या!"

ही मी संधी समजलो. सल्फेट, जिवाणू, कांदळवन, पाऊणकी, सगळं वाढलं. व्याही शांतपणे ऐकून म्हणाले, "पण आत्ताच आम्ही किनाऱ्यावरून आलो. पाणी अगदी वरपर्यंत आलंय." खरंच होतं. पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. माझ्याच गणिताने समुद्र त्या वेळी तुडुंब भरलेला होता. तेवढ्यात आतल्या खोलीत कोणीतरी फ्लश ओढला आणि न्हाणीतून गुडगुड असा खोल आवाज आला. "बेडूक," मी म्हणालो. व्याही म्हणाले, "मार्गशीर्षात?"

ते गेल्यावर प्लंबरला फोन केला.

आमचा प्लंबर चाळिशीचा, कमी बोलणारा. आल्या आल्या त्याने विचारलं, "वास कुठे येतो?"

"आत ये म्हणजे तुलाच कळेल."

"मला नाय कळणार, काका. दुसऱ्या लाटेत करोना झाला तेव्हा वास गेला, तो परत आलाच नाय."

मोतीबिंदू झालेल्या सराफासमोर दागिने ठेवल्यासारखं मला वाटलं. मी नाकाने त्याला मदत करण्याचा प्रस्ताव मांडला. त्याने माझ्याकडे उदबत्ती मागितली. मग पंखे बंद करवले, खिडक्या लावल्या, आणि पेटलेली उदबत्ती घेऊन तो एकेका जाळीपाशी उकिडवा बसू लागला. धूर सरळ वर गेला की पुढे. त्याचं काम चाललेलं, म्हणून माझं व्याख्यान चाललं. प्रत्येक मोरीखाली वाकडी नळी असते, तिच्यात दोन इंच पाणी साचून राहतं, तेच पाणी खालची हवा वर येऊ देत नाही. आणि संडासाच्या भांड्याखाली असा बाक देण्याचं पेटंट १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने घेतलं होतं. प्लंबर म्हणाला, "हो का." मोरीतल्या नळीला मुंबईपासून दिल्लीपर्यंतचे दुकानदार 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, म्हणजे आपला मराठी शब्द कुठवर गेला बघ. "हो का." १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यातून निघणारा गॅस गोळा करून कामाला लावला होता, चांगला जळतो तो. यावर मात्र त्याने मान वर केली. "मग टाकीकडे ही उदबत्ती न्यायची नाय. धरा."

खालच्या न्हाणीत धूर जरासा थरथरला. "पाणी आहे, पण कमी आहे," तो म्हणाला आणि वर बघू लागला. "वरती पण बाथरूम आहे ना?"

वरची खोली लेकीची. बायकोने किल्ली आणली.

मी तिथे किती महिन्यांनी गेलो असेन, सांगता येत नाही. बाथरूम आरशासारखी स्वच्छ. बादली पालथी घातलेली. तिच्यावर नातीचा गुलाबी मग, तोही पालथा. साबणाच्या वडीला भेगा पडलेल्या. बायको आठवड्याला वर येऊन फरशी कोरड्या फडक्याने पुसून जात होती. पोरं कधी अचानक आली तर ओल नको, शेवाळ नको, म्हणून. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लेक-जावई लॅपटॉप घेऊन आले ते दीड वर्षं इथेच होते. नात याच मोरीत पाणी उडवायला शिकली. मग ऑफिसं उघडली. त्यानंतर सुटीला येणं, मग सणाला येणं, मग व्हिडिओ कॉल.

प्लंबरने उदबत्ती जाळीपाशी नेली आणि सरळ चढणारा धूर एकदम फिसकटून छताकडे पळाला. त्याने जाळी काढली, आतली वाटी उचलली, मोबाइलचा उजेड टाकला. नळी कोरडी ठाक. तोंडाशी कोळ्याने जाळं विणलेलं आणि ते जाळं, खोलीत वाऱ्याची झुळूक नसताना, खालून वर हळूहळू फुगत होतं.

"मी पाणी टाकायला हवं होतं होय?" बायको म्हणाली. मी काहीतरी बोलणार होतो, पण तिचं लक्ष मगाकडे होतं.

"पण हे एकटं कारण नाय," प्लंबर म्हणाला. "खालचं पाणी कोण ओढतंय? टाकीची वेंट पाइप कुठाय, काका?"

आता हा भाग मी टाळला असता, पण प्लंबर गावात सगळ्यांना सांगतोच आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, छप्पर अर्धं उडालं आणि टाकीची वासनळीही मधून तुटली. तेव्हा याच प्लंबरने नळी छपराच्या वर नेऊन म्हटलं होतं, "काका, वरती काऊल लागेल." काऊल म्हणजे वासनळीच्या तोंडावरची जाळीदार टोपी, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी हसून त्याला म्हटलं होतं, "अरे, काऊल नव्हे, कौल म्हणावं. कौल." आणि आख्ख्या तालुक्यात कौलांची टंचाई असताना, ओळख काढून, एक नवं कोरं मंगलोरी कौल आणून त्याच्या हातात दिलं होतं. तो बराच वेळ त्या कौलाकडे बघत राहिला होता. मला वाटलं, शुद्ध उच्चार मनात घोळवतोय.

पुढे पाऊस सुरू झाला, काऊल राहिलं. मग उघड्या नळीत पाणी पडतं आणि फोटोत ती छपरावर सिगारेटसारखी दिसते, म्हणून मीच ती कौलांच्या रेषेत कापवली आणि बाजारातून बूच आणून घट्ट बसवलं. टाकी घराला लागून असेल तर ही नळी छपराच्याही दोन मीटर वर गेली पाहिजे, असं भारतीय मानक सांगतं. मी तिचं नाकच दाबलं होतं. फ्लश ओढला की उतरत्या पाण्यामागे हवा लागते. ती वरून मिळेना, म्हणून नळी शेजारच्या न्हाणीतून हवा खेचायची आणि तिथलं पाणी गुडगुड करत घेऊन जायची. टाकीतला गॅस वर जाता येईना म्हणून लेकीच्या मोरीतून येत होता. दुपारी बारालाच का, तर ऊन तापतं आणि सगळ्यांच्या आंघोळी-बिंघोळी तोवर झालेल्या असतात. समुद्राचा यात काडीचा हात नव्हता. गॅस मात्र तोच होता, हे नमूद करतो. नाक बरोबर होतं, पत्ता चुकला.

शेवटी टाकी बघायची होती. त्याने पहारीने झाकण तीन-चार बोटं उचललं आणि मी सवयीने, दर्जा ठरवायला, वाकलो. त्याने माझा सदरा धरून मला इतक्या जोरात मागे ओढलं की चप्पल तिथेच राहिली.

"वास येतो तोपर्यंत ठीक," तो म्हणाला. "यायचा थांबला म्हणजे गॅस गेला असं नाय."

नंतर मी वाचलं. या गॅसचा हवेत दहा लाखांत एक भागही नसतो तेव्हा तो नाकाला कळतो. शंभर भाग झाला की नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं, हवा झाली. "मला वास येत नाय म्हणून मी उतरत नाय," प्लंबर म्हणाला. "उतरतात ते वास येणारेच." संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. त्या बातम्या येतात, मी पान उलटतो. पण कायद्याच्या बऱ्याच आधी आमची टाकी उपसली तेव्हा दोघं जण दोर धरून आत उतरले होते. मी ओटीवर नाकाला रुमाल लावून उभा होतो आणि मोठ्याने विचारत होतो, "वास गेला का?" आतून उत्तर आलं होतं, "गेला."

दोघंही बाहेर आले, पैसे घेऊन गेले. त्यांचे चेहरे मला आठवत नाहीत. त्या उन्हाळ्यातल्या पायरी आंब्याचा वास आठवतो.

आता छपरावर नळी आहे, उंच, आणि तिच्यावर काऊल आहे. ते प्लंबरने स्वतः आणलं, मला दुकानात पाठवलं नाही. वरच्या मोरीत दर शनिवारी दोन मग पाणी आणि वर चमचाभर तेल, म्हणजे पाणी उडून जात नाही. तेल घरच्या नारळाचं. थंडीत ते गोठतं ही माझी शंका. "मग तर बूचच झालं," तो म्हणाला.

पाणी घालायला बायको जाते. गुलाबी मग तिने सुलटा करून ठेवलाय. गेल्या शनिवारी ती वर गेली ती बराच वेळ खाली आली नाही. दोन मग पाण्याला एवढा वेळ लागत नाही. वरून नळ चालू असल्याचा आवाज येत राहिला. मी हाक मारली नाही. वही उघडून नोंद केली: दशमी. भरती साडेसात. वास नाही.