पडदानशीन भिंत

मुंबईतल्या स्वस्त लॉजमध्ये भिंतीला पडदा लावतात. खिडकीला नव्हे, भिंतीला. पडदा अगदी घसघशीत असतो. जाड मरून कापड, वर लाकडी पेल्मेट, पितळी दांडी, कड्या, बाजूला बांधायला गोंडेदार दोरी, असा सगळा सरंजाम. ज्या खिडकीसाठी हा सरंजाम मांडायचा, ती तेवढी नसते. मोठ्या उमेदीने पडदा सरकवावा तर मागे ऑइल पेंटची, ओल आलेली, पोपडे सुटलेली भिंत. आपण मुकाट्याने पडदा पुन्हा ओढून घेतो. भिंतीची खासगी बाब आपण कशाला बघा!

लॉज कोणता, हे विचारू नका. काळबादेवी, मस्जिद बंदर, ग्रँट रोड, दादर स्टेशनचा आसमंत, कुठेही जा. जिना तोच, पानाच्या पिचकाऱ्या त्याच, काउंटरवरची अगरबत्ती तीच. काउंटरच्या मागे ‘अतिथी देवो भव’ आणि त्याच्याच खाली ‘लोकल आयडी चालणार नाही’. म्हणजे देव चालेल, पण परगावचा पाहिजे. एसीच्या रिमोटचं डिपॉझिट वेगळं, गरम पाणी सकाळी ६ ते ८, टॉवेल मागितल्यावर. या सगळ्याला माझी हरकत नाही. स्वस्तात उतरायचं तर एवढं चालायचंच. माझं भांडण फक्त पडद्याशी आहे.

मी खाली जाऊन काउंटरवरच्या भाऊंना म्हटलं, “अहो, पडद्यामागे भिंत आहे.”

“हो साहेब.”

“मग पडदा कशाला लावलाय?”

“पडदा नाय लावला तर भिंत दिसते ना साहेब.”

या उत्तरात चूक दाखवून द्या, मी तुम्हाला चहा पाजतो. भाऊंनी मान वर न करता पुढची सोय सांगितली, “विंडोवाला रूम पाहिजे तर चारशे जास्त पडतील.” तोही रूम बघून आलो. खिडकी होती. तिची काच दुधी होती आणि तावदानं स्क्रू मारून पक्की केलेली होती, म्हणजे खिडकी पळून जायला नको. एक कोपरा फुटला होता, त्यातून डक्ट दिसली. सांडपाण्याचे पाइप, एसीचे डबे, त्यांचं ठिबकणारं पाणी, कबुतरांची तीन पिढ्यांची वसाहत, आणि हात लांब केला तर पोचेल इतक्यावर समोरच्या इमारतीची तसलीच खिडकी. तिथे एक गृहस्थ बनियनवर दात घासत होते. आमची नजरानजर झाली. साहजिकच मी पडदा ओढायला गेलो, तर या खोलीला पडदा नव्हता. मी पुन्हा खाली. भाऊ म्हणाले, “विंडोवाल्या रूमला पडदा कशाला? विंडो आहे की.”

इथे हसून सोडून देता आलं असतं. पण हा काही एका भाऊंचा लहरीपणा नव्हे, यामागे शास्त्र आहे. राष्ट्रीय इमारत संहितेचं म्हणणं असं की दमट आणि उष्ण हवेच्या ठिकाणी राहत्या खोलीला जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश तरी खिडकी हवी. मुंबईहून दमट आणि उष्ण गाव शोधायला फार लांब जावं लागेल. आता आमची खोली दहा फूट बाय नऊ, म्हणजे नव्वद चौरस फूट. तिचा एक षष्ठांश पंधरा. पडदा मी वितीने मोजला. पाच फूट उंच, तीन फूट रुंद. पाच त्रिक पंधरा! पडदा संहितेत चोख बसतो. उद्या कुणी तपासणीला आलं आणि टेप लावली, तर कागदावर लॉज शंभर टक्के कायद्याचा. फक्त पडदा सरकवायचा नाही. आणि आपल्याकडे तपासणीला आलेला माणूस पडदा सरकवतो, असं तुम्ही कुठे ऐकलंय?

गंमत म्हणजे याच शहरात सव्वाशे वर्षांपूर्वी हवेसाठी रस्ते पाडले गेले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, माणसं पटापट मेली. त्या काळच्या राज्यकर्त्यांना साक्षात्कार झाला की दाट वस्तीत, अंधाऱ्या कोंदट खोल्यांत रोग माजतो. १८९८ साली शहर सुधारण्याचा खास कायदा झाला. प्रिन्सेस स्ट्रीट आखताना हेतू हाच होता की समुद्राकडचा वारा थेट आतल्या वस्त्यांत शिरावा. म्हणजे वाऱ्यासाठी घरं पाडली. पुढे तर आकाशाचं कोष्टकही ठरलं, साडेत्रेसष्ट अंशांचं. सोप्या भाषेत, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या साधारण दुपटीपेक्षा जास्त नको, तरच खालच्या खोलीला उजेड मिळतो. या हिशेबाने आमच्या तीन फुटी डक्टपलीकडे सहा फुटांची इमारत शोभली असती. पलीकडे सात मजले होते. म्हणूनच बिनखिडकीची खोली मला जास्त प्रामाणिक वाटली. तिथे कोनाचा प्रश्नच येत नाही.

बरं, खिडकी नसली म्हणून बिघडतं काय, असं भाऊंसारखं तुम्हीही विचाराल. आत झोपायचंच तर आहे. मी सांगतो काय बिघडतं. चेक-आउट बारा वाजताचा. बिनखिडकीच्या खोलीत माणूस झोपला, त्याला जाग आली, मोबाइलची बॅटरी संपलेली, कारण एकुलता एक प्लग टीव्हीमागे आणि तो टीव्हीचाच. आता वाजले किती? दुपारचे बारा की रात्रीचे? आत ट्यूबलाइट लावली की कायमचा एकच प्रहर असतो, दवाखान्याचा. पावसाळ्यात तर कहर. जुलैत एका खोलीत मी शांतपणे दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बूट पॉलिश केले आणि जिना उतरलो, तर शेवटच्या तीन पायऱ्या पाण्याखाली. रात्रभर धो धो कोसळला होता, गाड्या बंद, हिंदमाताला छातीभर पाणी, सगळ्या महाराष्ट्राला बातम्यांतून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं फक्त मुंबईत झोपलेल्या मला. आणि त्या खोलीच्या पडद्यावर मात्र छापलेलं काय? नारळाची झाडं, शिडाची होडी, निळाशार समुद्र. लॉजचा सी व्ह्यू तो हाच. याच पडद्यामागे भिंतीवर कुणा पाहुण्याने बॉलपेनने खिडकी काढून ठेवली होती. चार गज, एक कडी, खाली ठसठशीत चौकट. गजांच्या पलीकडे दोन डोंगर, मधून वर येणारा अर्धा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठावर झोपडी. तुम्ही-आम्ही चौथीत काढायचो तेच निसर्गचित्र. मुंबईच्या लॉजमधून दिसणारं दृश्य म्हणून त्याने काढलं, पण समुद्र नाही काढला. काढणार कसा? त्यालाही हीच खोली मिळाली असणार. त्याखाली दुसऱ्या कुणीतरी, वेगळ्या अक्षरात, लिहिलं होतं: ‘कृपया खिडकी बंद ठेवावी, डास येतात.’

त्या चित्रापर्यंत मी हसत होतो. मग मनात आलं, ते काढणारा कोण असेल? मजा म्हणून कुणी या लॉजमध्ये उतरत नाही. चौपाटी बघायला आलेले नातेवाइकांकडे उतरतात. इथे उतरतो तो परळच्या मोठ्या रुग्णालयात बायकोची तपासणी करायला आलेला धुळ्या-नांदेडकडचा शेतकरी. मंत्रालयात फाइल कुठे अडली ते बघायला आलेला आणि ‘उद्या या’ ऐकून आणखी एक रात्र वाढवणारा शिक्षक. भरतीची परीक्षा द्यायला आलेली चार पोरं, जी एका खोलीचे पैसे भरून चौघं राहतात आणि पाळीपाळीने पलंगावर झोपतात. या शहरात यायचं म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लॉजचे पैसे मोजलेले असतात. सिद्धेश्वर, महालक्ष्मी, देवगिरी या गाड्या त्यांना सकाळी सकाळी स्टेशनवर आणून ओततात, तर लॉजचा दिवस उगवतो दुपारी बारा वाजता. ‘अर्ली चेक-इन’ हवा तर अर्ध्या दिवसाचे पैसे जास्त. दोन-दोन गाठोडी घेऊन माणूस काउंटरसमोरच्या बाकावर बसून राहतो, शेजारी आजारी माणूस भिंतीला टेकलेला. मग बारा वाजता खोली मिळते. आदल्या पाहुण्याच्या विडीचा वास आत तसाच कोंडलेला असतो, कारण तो जाणार कुठून? केमोथेरपी घेऊन आलेल्या बाईला त्या खोलीत बसवून नवरा औषध आणायला जातो, आणि ती पडदा बाजूला करते. पुढे सांगत नाही.

यावर लॉजवाल्यांचं ठरलेलं उत्तर, “साहेब, या भावात काय मिळणार?” मान्य आहे, जागा महाग, वीज महाग, पाणी टँकरचं. पण स्वस्त खोली मागणाऱ्याने हवा नको म्हटलेली नाही. गादी पातळ द्या, चादर जुनी द्या, चहा पांचट द्या. हवा तर या शहरात तिन्ही बाजूंनी समुद्र फुकट देतो. तीही भिंत घालून अडवायची आणि वरून पडदा टाकून ‘आहे’ असं भासवायचं, याला काटकसर म्हणत नाहीत. आणि मी शपथेवर सांगतो, त्या मरून पडद्याचा, दांडीचा, पेल्मेटचा आणि गोंड्यांचा खर्च जमवला, तर एक बरा एक्झॉस्ट फॅन आला असता.

सरकारचंही बघा. जुलै २०२२ पर्यंत हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला जीएसटी नव्हता. मग १२ टक्के लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के. कमी झाला, आभार. पण या दरपत्रकात खिडकी असलेली खोली आणि नसलेली खोली यांत काडीचा फरक नाही. इंग्लंडात १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता. जितक्या खिडक्या जास्त, तितका कर जास्त. लोक इतके वैतागले की त्यांनी आपल्याच घराच्या खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. निदान त्यांचा कर तरी वाचला. आमच्याकडे खिडकी आधीच बुजवलेली, आणि कर तसाच. बिलावर ‘रूम चार्जेस’ लिहिलेलं असतं. ते कशाचे, हे विचारायची सोय नाही. मला वाटतं त्यातले निम्मे पडद्याचे असावेत.

लॉजमालकांना हात जोडून एकच सांगणं आहे. खिडकी पाडा, असं म्हणत नाही. ती पाडली तर पलीकडच्या लॉजचा पडदाच दिसायचा. पण काउंटरमागच्या फलकावर ‘एसी’, ‘नॉन-एसी’, ‘गरम पाणी सकाळी ६ ते ८’ एवढं ठसठशीत रंगवता, तिथेच आणखी दोन शब्द रंगवा: ‘खिडकी नाही’. आणि त्या खोलीचे पैसे कमी घ्या. एवढ्याने धंदा बुडणार नाही. गरजू माणूस तरीही येईलच, त्याला दुसरीकडे कुठे जायचंय?

हे होईपर्यंत वाचकहो, खोली बघायला वर जाल तेव्हा गादी दाबू नका, नळ सोडू नका, टीव्ही लागतो का ते विचारू नका. आधी पडदा ओढा. ॲडव्हान्स नंतर द्या.